बॅकअपची तपकिरी वायर

३ जाने., शनि.
ग्लासगो. सकाळी बाहेर उणे दोन. हर्षदने हॉलमध्ये नवीन थर्मोस्टॅट लावला. जुना ठणठणीत होता, पण मोबाइलवर दिसत नव्हता, हा त्याचा गुन्हा. चिरंजीव सॉफ्टवेअरवाले, व्हिडिओ बघून वायरिंग करतात. मी चौतीस वर्षं वीज खात्यात, त्यातली एकोणीस नागपूरच्या सबस्टेशनवर. माझ्याकडे आजचं काम काय, तर टॉर्च धरणे.

म्हटलं, "अरे, ती तपकिरी वायर जरा..."
"बाबा प्लीज. हे तुमचं सबस्टेशन नाही. तुम्ही फक्त टॉर्च धरा."
धरली.

तपकिरी वायरीचं प्लास्टिक पुरतं सोललेलंच नाही. स्क्रू प्लास्टिकवर आवळलाय, आतल्या तांब्याला टेकलेला नाही. ओढली तर निघणार नाही, पण करंटही जाणार नाही. ती बॅकअप हीटरची वायर. एरवी बाहेरचा हीट पंप घर गरम ठेवतो. कडाक्याची थंडी पडली की त्याचा दम संपतो, तेव्हा हा हीटर मदतीला यायचा असतो. म्हणजे आज काहीच कळणार नाही.
गप्प बसलो. बस म्हणावं बोंबलत.

४ जाने., रवि.
घर गरम. चिरंजीव खूश. जेवताना सुनेला सांगत होता, "इलेक्ट्रिशियनला दोन वीक्स वेटिंग होतं, केतकी. मी टू अवर्समध्ये केलं." मग माझ्याकडे बघून, "ईझी होतं, बाबा."
"हो का," म्हटलं आणि भात कालवला.
सबस्टेशनवर नियम होता. शिफ्टमध्ये दोष दिसला की लॉगबुकात लिहायचा आणि पुढच्या शिफ्टला तोंडी सांगायचा. नवीन ऑपरेटरांना मीच दम देऊन शिकवायचो. इथे लिहिलाय. कालच्या तारखेला. तोंडी सांगणं राहिलंय.

८ जाने., गुरु.
आज तिसरी चिठ्ठी. पहिली स्मोक अलार्मखाली, दुसरी ओव्हनवर, आता थर्मोस्टॅटवर. 'बाबा, डू नॉट टच.' आमच्याकडे 'हात लावू नका' अशी पाटी लागायची ती लाइनवर माणूस चढलेला असताना. इथे ओव्हनला.
नात शाळेतून आली. चिठ्ठी वाचून मलाच दटावते, "आजोबा, बाबानी लिहिला आहे. तू नाही टच करायचा." सात वर्षांची. बापाचंच वळण.
सौ.ला वायरीचं बोललो नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

११ जाने., रवि.
बुधवारी उणे सात होणार म्हणतात. सौ. घाबरली. थंडी वाढली की तिचा दमा उठतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. हर्षद म्हणाला, "आई, डोन्ट वरी, बॅकअप आहे ना."
हीच वेळ होती बोलायची. बोललो नाही. बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आता बघू म्हटलं तुझा व्हिडिओ.

१४ जाने., बुध.
बाहेर उणे सात. घरात सकाळी सोळा, संध्याकाळी चौदा. पंप एकटाच घरघरतोय. हर्षद मोबाइल नाचवत फिरतोय. "बॅकअप ऑन दाखवतंय, बाबा, हे बघा." दाखवणारच. थर्मोस्टॅटने हाक मारली, हीटरपर्यंत ती पोचली की नाही हे मोबाइलला काय कळणार.
आधी घराला नावं ठेवली. मग पंप बसवणाऱ्यांना. मग आईला. "तू फोडणी देताना सारखी विंडो उघडतेस. सगळी हीट जाते."
"चुकलं रे, आता नाही उघडणार," सौ. म्हणाली.
वायर याची, गप्प मी बसलो, आणि माफी ती मागते. मला दोघांचाही संताप आला. माझा जरा उशिरा आला.

१५ जाने., गुरु.
सगळे बाहेर. घरात आम्ही दोघंच. तेरा. सौ. दोन स्वेटर, शाल, त्यावर माझा कोट. सकाळपासून तीनदा इनहेलर. खोकत विचारलं, "अहो, तिकीट आधीचं मिळेल का? मला नागपूरला जायचंय." नातीसाठी दोन वर्षं दिवस मोजलेत हिने.
लाज वाटली.

११.१० हीटिंगचा ब्रेकर बंद. चिठ्ठी बाजूला, प्लेट उघडली. वायर सोलली, बसवली, ओढून पाहिली. ११.२५ चालू. जिन्याखालच्या कपाटात हीटर गुणगुणायला लागला. एक वाजता सतरा. तीनला वीस. सौ.ने कोट काढला, मग शाल. म्हणाली, "पोराने ऑफिसातून काही केलं वाटतं मोबाइलवर."
"असेल."

एक घोळ झाला. काम झालं की वायरीला टॅग लावायचा, ही हाताची सवय. पांढरी टेप, त्यावर तारीख, वेळ, सही. प्लेट बंद करून चिठ्ठी परत चिकटवल्यावर लक्षात आलं.

हर्षद संध्याकाळी आला. "बघा! काल मी सेटिंग बदललं ना. सिस्टमला सेटल व्हायला वेळ लागतो." खिडकीबद्दल आईला एक शब्द नाही. हा माणूस मी वाढवलाय.

१७ जाने., शनि.
नाश्त्याला मोबाइल बघत, "बाबा, गुरुवारी लाइट गेली होती? ११.१० ते ११.२५ ऑफलाइन दाखवतंय."
"गेली होती," म्हटलं.
"कुठे गेली?" सौ. मध्येच. "माझा टीव्ही चालू होता की."
हर्षदने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे. मग तो म्हणाला, "ट्यूसडेला इलेक्ट्रिशियन बोलावलाय. प्लेट उघडून सगळं चेक करेल."
"करू दे."

१९ जाने., सोम.
उद्या तो येणार. टॅग मराठीत आहे. त्याला वाचता येणार नाही, तो हर्षदला बोलावून विचारेल हे काय लिहिलंय. हर्षदला वाचता येतं, मीच शिकवलंय. आधी त्याचं तोंड उतरेल. शनिवारपासून हे मी मनात शंभरदा पाहिलंय आणि दर वेळी मजा आली.
पण तो काही मूर्ख नाही. पुढचा प्रश्न असा येणार: तुम्हाला कळलं कधी? टॅगवर १५ तारीख आहे. कळलं ३ तारखेला, टॉर्च धरली तेव्हा. मधले बारा दिवस. आणि सौ. तिथेच उभी असेल.

टॅग काढून टाकावा म्हणून टेस्टर काढून टेबलावर ठेवला. सौ. आली.
"काहून? पुन्हा उघडताय?"
म्हणजे तिला ठाऊक होतं. गुरुवारी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहिलं म्हणे.
"शनिवारी टीव्हीचं मी मुद्दामच बोलले. कळू दे ना त्याला कोणी दुरुस्त केलं ते. तुम्ही होता म्हणून, नाहीतर मी या थंडीत गेलेच असते." माझ्या हातावर हात ठेवला. गरम होता.
"अहो, आल्यापासून बघतेय, रोज काय लिहिता एवढं? आज मला वाचू द्या."
चष्मा आणायला वर गेली आहे. वरून विचारतेय, कुठे ठेवला मी. माझ्या समोरच आहे, वहीशेजारी.