शिल्पाची डावी बाजू

श्रीमत् ताम्रकारकुलावतंस, घनप्रहारविशारद, सोनगीरपेठभूषण, ग्राहकमात्रभयंकर, द्विप्रहरनिद्राव्रतस्थ पितृचरण आबा,

एवढी बिरुदे हयातीत ऐकली असतीत तर हातातला हातोडा माझ्याच दिशेने आला असता. अलीकडे असली विशेषणे मला लाभतात. जळगावबाहेरच्या एका विस्तीर्ण उद्यानात, हिरवळीच्या उतारावर, मी ‘स्थलविशिष्ट शिल्प’ स्थापिले आहे. म्हणजे त्याच जागेसाठी घडलेले, अन्यत्र निरर्थक. पुरुषभर उंचीचा तांब्याचा शिंपला. उद्घाटनाला एक विद्वान वदले की डाव्या अंगावरच्या ठोक्यांत या भूमीचा श्वास आहे. मी सविनय मान झुकवली. दमलो होतो, आणि मान झुकवणे सोपे होते.

ते डावे अंग तुमचे आहे, आबा. पंगतीसाठीचा तो प्रचंड हंडा अर्धाच ठोकून तुम्ही गेलात. मी तो उभा चिरला आणि त्याला माझा पत्रा जोडला. तुमचे ठोके ओळीने, एकसारखे. माझे वेडेवाकडे. ते पाहिले की वाटते, मी अजून लहानपणीसारखा भट्टीपाशी बसलो आहे, घाईत आहे, आणि तुम्ही मागे न वळता, नुसत्या आवाजावरून म्हणता, “पत्रा थंडा शे. कसाले मारस रे त्याले? तपाड पह्यले.”

मागच्या आठवड्यात तण काढणाऱ्या एका वृद्धेने शिंपल्याच्या डाव्या अंगावर तळवा फिरवला.

“भाऊ, हाई बाजू तुमनी नही शे.”

“कशावरून, अक्का?”

“चाळीस वरीस सोनगीरना हंडा डोकावर वाह्या मी. हाऊ हात मी वळखस. तुमनी बाजू बोटले टोचस.”

मी त्याच पावली उद्यानाच्या कार्यालयात गेलो आणि शिल्पाखालच्या फलकावर तुमचे नाव घालण्याची अनुज्ञा मिळवली. हरकत कोणाचीच नव्हती, कधीच नव्हती. दोन वर्षे तिथे माझे एकट्याचे नाव होते आणि, आबा, ते वाचायला मी अधूनमधून मुद्दाम जात असे. एवढे लिहून हा कागद वहीतच ठेवतो.

ता. क. नवा फलक तयार आहे. जुना मात्र निघत नाही. त्याचे चारही स्क्रू कुठल्याशा चांदणीच्या आकाराच्या खाचेचे आहेत. तसला पेचकस अख्ख्या जळगावात नाही. काल धुळ्याला गेलो. दुकानदार म्हणाला, “नमुन्याला त्यातला एक स्क्रू काढून आणा, मग पेचकस देतो.”