जबड्यातली नळी

१२ मार्च, बुधवार, दुपार

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही; तसं लिहिलं की मी काहीतरी मागणार, हे तुला पाठ आहे. मामीचा गुडघा कसा आहे? तू संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, मी खाली तळघरात हाडं साफ करत, मध्ये सव्वीस पायऱ्या, आणि बाई पत्र लिहितेय, म्हणून हसशील. हस. समोर आले की माझी दातखीळ बसते.

बाकी इकडे ठीक. नळ गळतो तो गळतोच.

शुक्रवारी तुझं व्याख्यान. आपला तो जबडा, बोटाच्या पेराएवढा, बारा कोटी वर्षांपूर्वीचा. अंडी घालणाऱ्या आणि तरी पिलांना दूध पाजणाऱ्या, बदकासारख्या चोचीच्या प्राण्यांच्या घराण्यातला. तेव्हा त्यांना चांगल्या दाढा होत्या. आजच्या वंशजांचे दात लहानपणीच पडतात. हे आजचे पाण्यात डोळे, कान, नाक मिटून शिकार शोधतात, कारण भक्ष्याच्या स्नायूंतली बारीकशी वीज त्यांच्या चोचीला कळते. तू म्हणतोस, ही जाण तेव्हाही होती. असेल, तर चोचीकडून येणाऱ्या मज्जातंतूंसाठी जबड्यातली नळी रुंद हवी. तीस वर्षं तू हेच म्हणत आलास आणि लोक हसत आले. मग हा जबडा आला, आणि त्यात रुंद नळी निघाली.

ती मी काढली, मामा.

तूच शिकवलंस, शेवटचा थर डोळे मिटून काढायचा. दगड संपून हाड लागलं की सुई बोटाला सांगते. त्या दुपारी सुई काही बोललीच नाही. ओठांना मुंग्या आल्या आणि हात आत आत जात राहिला, कुणी मनगट धरून नेल्यासारखा. डोळे उघडले तर भोक रुंद झालेलं आणि बशीत पांढरी भुकटी. दगडाची भुकटी करडी असते. पांढरी हाडाची.

मी ती फुंकून टाकली आणि चार महिने तोंड शिवून बसले.

तेव्हापासून डोळे मिटले की मला जिवंत माणसं कळतात. शिपाई दाराशी पोचायच्या आत त्याच्या दंडातला ताण माझ्या ओठांवर येतो. कपाटामागच्या उंदराचं काळीज मोजता येतं. आणि जबड्याच्या डबीत, कापसाखाली, काहीतरी नाडीसारखं उडतं. अगदी संथ. डबी दुसऱ्या खोलीत ठेवली, तरी कुठल्या खणात आहे ते कळतं. मला भीती वाटते रे.

म्हणजे बघ कशी गंमत झाली. तुझं म्हणणं खरं आहे, हे आज माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. आणि तुझा पुरावा मात्र खोटा, माझ्या सुईने कोरलेला. व्याख्यान रद्द कर. माझं नाव सांग, मला कामावरून काढ, पण त्या भोकाच्या भरवशावर उभा राहू नकोस. उद्या कुणी भिंगाखाली ओरखडे पाहिले, तर तुझी तीस वर्षं पाण्यात जातील.

इथेच थांबणार होते. पण नळी कोरली गेली त्याच संध्याकाळचं सांगायला हवं. तू खाली आलास, भिंग लावून बराच वेळ ती नळी पाहिलीस. मी टेबलावर डोकं टेकून डोळे मिटले होते. तुझ्या छातीतले ठोके शांत होते. मग दोन चुकले, आणि नंतर असे काही धावायला लागले की माझे दात शिवशिवले. तू भिंग खिशात टाकलंस आणि म्हणालास, "छान काम केलंस गं, पोरी."

माझा एकेक ओरखडा तू ओळखतोस. तुला तेव्हाच कळलं होतं, मामा. तरीही तू सभागृह ठरवलंस, पत्रिका छापल्यास.

शुक्रवारी मी पहिल्या रांगेत बसेन, डोळे मिटून. तुला जे बोलायचं ते बोल. लोकांना तुझा आवाज ऐकू येईल. मला त्याच्या आतलं सगळं कळेल.

तुझ्याच हाताखाली तयार झालेली,
तुझी भाची