खरी सुरकुती

अहो,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे, गुडघ्याचं विचारू नका. गोळ्या घेता ना?

काल आपल्या नातीची, ठमीची, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली, मीही जाऊन बसले होते. अवघ्या विश्वाला पडलेल्या सुरकुत्यांचं, म्हणजे त्यातल्या बारीक चढउतारांचं, तिचं गणित. जी सुरकुती कुठल्याही मापाने मोजली तरी तेवढीच भरते ती खरी, बाकीचा आपल्या मापाचा भास. त्यात सुरकुतीवर सुरकुती, म्हणजे गुंताच!

परीक्षक म्हणाले, "ही खरी कशावरून?"

पोरीने शांतपणे फळ्यावर दुसऱ्या मापाने सगळं नव्याने मांडलं. शेवटची ओळ हुबेहूब पहिल्या मापाच्या उत्तरासारखी दिसली, तशी मी टाळीच वाजवली.

"आजी, अजून संपलं नाही!"

मग परीक्षकच हसत उठले आणि तिचा हात हातात घेतला. पास झाली हो!

सूनबाईला सांगा, लेक वाळलीय, पण फळ्यापुढे उभी राहिली की खोली भरून जाते.

तुमचीच,
मी