त्या मळ्यावर आपले पितर येणार नाहीत

औरंगपुरा, औरंगाबाद
१७ एप्रिल २०१६, रविवार

चि. केयूर यास ताईचे आशीर्वाद. सावनीला आणि स्वरदालाही सांग.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही करंगळीएवढं. टँकरवाल्याचा रुबाब कलेक्टरपेक्षा जास्त झालाय. लातूरला तर रेल्वेनं पाणी नेतायत. आणि तिकडं बायपासला रोज नवी इमारत उभी राहतेय, वर ‘स्विमिंग पूलसह’ अशी पाटी. कोण भरणार रे तो पूल, ह्यांचा बाप?

माझा व्हिसा झाला. गुलमंडीतून स्वरदासाठी हळदीची पिवळी साडी घेतली. गुडघा दुखतोय, पण विमानात चालायचं थोडंच आहे.

पत्र लिहितेय कारण फोनवर मी मुद्द्यावर आले की तू ‘ताई, आवाज तुटतोय’ म्हणतोस. परवा आवाज चांगला खणखणीत होता, तरी तुटला. आता हे बसून वाच.

स्वरदाच्या लग्नाची तुझी पत्रिका मिळाली. जाडजूड कागद, वर पांढऱ्या खांबांचा बंगला, दोन्हीकडं ओकची म्हातारी झाडं. शेजारचे काकासाहेब म्हणाले, ‘केयूरनं मुलीसाठी राजवाडा काढला की काय!’ मी म्हटलं, राजवाडा नाय, कापसाचा मळा. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत तिथं माणसं विकत घेऊन राबवायचे. बिचारे चहा अर्धा टाकून घरी गेले.

तू म्हणालास, ‘ताई, आपण कुठं अमेरिकन? तो त्यांचा इतिहास. आपल्याला जागा आवडली, फोटो छान येतात.’ फोटो! अरे, आयुष्यभर कॉलेजात हाच इतिहास शिकवला मी, आणि माझ्या सख्ख्या भावाला फोटो दिसतात? माणूस विकायचा हक्क शाबूत राहावा म्हणून अर्धा देश उरलेल्या अर्ध्यावर बंदुका घेऊन उठला. सहा लाखांवर माणसं मेली. आणि आपला संबंध नाही म्हणतोस, तर त्या युद्धात त्यांचा कापूस बंदरात अडला, म्हणून आपल्या वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं विलायतेला गेला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला. संबंध नाही म्हणे.

आणि संपलं तरी कुठं? सुटलेली माणसं पुन्हा त्याच मालकांच्या शेतात वाट्यानं राबली. पुढं शंभर वर्षं त्यांची शाळा वेगळी, नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. गेल्या वर्षी तुझ्याच गावात, चार्ल्सटनला, एका पोरानं चर्चमध्ये बायबल वाचत बसलेल्या नऊ जणांना गोळ्या घातल्या. तेव्हा तूच मला रडत फोन केला होतास. दहा महिन्यांत विसरलास?

आता डेनीसचं बोलते. स्वरदाची जिवाभावाची मैत्रीण, तुझ्या घरी वरणभात खाऊन वाढलेली. तिनं सांगितलं, मी ह्या लग्नाला येऊ शकत नाही, त्या मळ्यात माझ्या आईकडची माणसं पुरलीत. त्यावर तू काय म्हणालास? ‘उगाच इश्यू करतेय.’ केयूर, लाज वाटली रे मला. बंगल्याच्या स्वयंपाकघरामागं ते मैदान आहे. एका थडग्यावरही दगड नाही, नाव नाही. तिची आई तिथं फुलं वाहायला जाते, तर मळ्याचे आत्ताचे मालक म्हणतात, शनिवारी नको, शनिवारी लग्नं असतात!

आणि तिथं तू मला नांदीश्राद्धाला बसवणार. लग्नाआधी तीन पिढ्यांच्या पितरांना नाव घेऊन बोलवायचं, या, बसा, पोरांना आशीर्वाद द्या म्हणायचं. तुला पणजोबांचं नाव आठवेना, म्हणून मला विचारलंस. सदाशिव. लिहून ठेव. डेनीसच्या आईनं कुणाला विचारायचं? त्या काळच्या मालकाच्या वहीत गाईम्हशींखाली ‘पुरुष एक, बाई एक’ एवढंच लिहिलंय. आडनाव लावते तेही त्याच मालकाचं. ज्यांना नावानं हाक मारायला कुणी उरलं नाही, त्यांच्या छातीवर पाट मांडून मी सदाशिवरावांना या म्हणू? ते तरी येतील का? मी त्यांच्या जागी असते तर आले नसते.

तुझं शेवटचं अस्त्रही मला माहीत आहे. ‘आपल्या घरात काय वेगळं होतं? आवडाबाई आठवते ना?’ आठवते की. बहात्तरचा दुष्काळ, अख्ख्या गल्लीत आपल्याच आडाला पाणी. अंगण झाडणारी आवडाबाई घागर घेऊन लांब उभी, कुणी वरून ओतेल तर पाणी. आईचा कायदा होता तो. आणि तो मोडला कुणी? दहा वर्षांच्या एका कार्ट्यानं. दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘तुमच्या हातानं शेंदा.’ आईनं फोडून काढलं तुला. पाठीवर वळ उठले, तरी माफी मागितली नाहीस. मी हळद लावली होती त्या वळांना. तो केयूर कुठं गेला रे? मला त्याच्याशी बोलायचंय, ह्या फोटोवाल्याशी नाय.

आता खरं ते लिहिते. इतका वेळ टाळत होते, कारण स्वरदानं शपथ घातलीय. मोडते. तिला त्या मळ्यावर लग्न करायचं नाही. पहिल्या दिवसापासून नव्हतं करायचं. तुला तीनदा सांगायचा प्रयत्न केला तिनं, तू तिला जेवणाचे प्रकार दाखवत बसलास. होणारा नवरा हिमांशूही तिच्याच बाजूनं आहे. पोरीची आई म्हणून सावनीला सगळं ठाऊक आहे, तुझ्या तोंडाला लागायला नको म्हणून गप्प बसते. परवा पोरगी माझ्याशी हमसून हमसून रडली, ‘आत्या, बाबांचं मन कसं मोडू?’ मी म्हटलं, मोडू दे, माझ्याकडं सोड.

तू म्हणशील, ताईनं पोरीला फितवलं. व्हय, फितवलं. एकदा नाय, हजारदा फितवीन.

तेव्हा ऐक. मी येतेय, पण तुझ्या घरी उतरणार नाही. डेनीसच्या आईकडं उतरणार आहे. मी फोन केला होता. माझं इंग्रजी तिला कळेना, तिचं मला. पण लग्न तुमच्या अंगणात करू का एवढं तिला कळलं. मग हो म्हणाली. आधी तिच्या माणसांसाठी दिवा लावायचा, नावं नसली तरी. मग आपल्यांना बोलवायचं.

तुझ्या मळ्यावर त्या दिवशी खुर्च्या मांडलेल्या असतील, नवरी नसेल. सावनी आमच्याकडं येतेय. राहिलास तू.

पाकिटात कागदाची पुडी आहे, जपून उघड. कुंकू लावलेल्या अक्षता आहेत. मुलीच्या बापाला तिच्या लग्नाचं आमंत्रण द्यायची वेळ कुठल्या आत्यावर येऊ नये. माझ्यावर तू आणलीस.

चि. सौ. कां. स्वरदाचा विवाह शनिवारी, चार जूनला सकाळी, डेनीसच्या आईच्या अंगणात योजिला आहे. अगत्य येणेचे करावे.

संतापलेली, तरी तुझीच,
शैलाताई