काचेची खडी

१२ जानेवारी १९९७
आलो एकदाचे बेलापूरला! तळमजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून खाडी. जाईने आल्या आल्या दूध उतू घातलं आणि पाळणा कुठे टांगायचा तेही ठरवून टाकलं. तिला पाचवा लागलाय.
इमारत माझ्याच नव्या कंपनीची. टीव्हीच्या फुटक्या पिक्चर ट्यूबमध्ये शिसं असतं, ती काच कुठे फेकायची हा कारखान्यांपुढे प्रश्न. आम्ही ती भरडून खडीऐवजी काँक्रीटमध्ये घालतो. अठ्ठावीस दिवसांनी नमुन्याचा क्यूब यंत्रात दाबून पाहतो, एकदम पास. हुशार मंडळी आहेत बुवा!

८ फेब्रुवारी
बेडरूमच्या खांबाला बाहेरून बारीक भेगा. क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, कमी पडलं, दुसरं काय? साइटवर भेगेला एकच औषध, पाणी. गिलावा काढून गोणपाट गुंडाळायला लावलं. शेजारच्या दिवाळे गावचे मजूर गंगाराम रोज पाइप धरतात. पोटुशीच्या खोलीला ओल कशाला, असं जाईचं म्हणणं. मी हसण्यावारी नेलं.

२ मार्च
भेगांत नख जातंय. पांढरा, चिकट डिंक पाझरतो. पुसला की पुन्हा येतो. गंगाराम म्हणाले, “सायेब, पानी मारला का आतमंदी वाजतं. बंद करू का?” मी त्यांच्यावरच डाफरलो. आता दिवसातून चार वेळा पाणी.

१९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी जाईला पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलंय. ती म्हणते, उशाची भिंत वाजते. मी कान लावला.
वाजते.

२७ मार्च
कॉलेजातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, सिमेंटातल्या क्षारांनी काचेचा डिंक होतो, तो पाणी पिऊन फुगतो, काँक्रीट आतून फोडतो. अठ्ठावीस दिवसांत काही कळत नाही.
आणि मी दीड महिना पाणी पाजलं. मीच. फार भीती वाटतेय.

२८ मार्च
पाणी बंद. तरी वाजतंय. टेप लावला — खांब सूतभर जाड झालाय. वरची बिऱ्हाडं बाहेर काढली. जाईला उठवायचं नाही, आणि अँब्युलन्स उद्या सकाळीच मिळतेय.

२९ मार्च, सकाळी नऊ
बेडरूमचं दार उघडेना. चौकट दबलीय. जाई आत. अँब्युलन्स अजून आली नाही. खिडकीला ग्रिल. गंगाराम पहार आणायला धावलेत — लिहिलं नाही तर ओरडेन, आणि ती घाबरेल —

आत्ता दिसलं. तुळई तुटलीय. चौकटीवर टेकलीय. नुसत्या चौकटीवर — दार फोडलं तर सगळं तिच्या अंगावर —
जाई हाका मारतेय. न फोडावं तर —
गंगारामनी पहार घातली, मी त्यांना