ताक म्हणजे हो, चाय म्हणजे हो

३ डिसेंबर, बुधवार

राजेंद्र सर म्हणाले, कायमचा घेतो! लोणावळ्याच्या ऑफिसात, परदेशी पाहुण्यांना गड दाखवायला. अट एकच — पोलिश नाहीतर थाई, एक भाषा धर. आधी दोन्ही चाखून बघ, आणि नंतर येणाऱ्या पोरांसाठी एक पान लिहून दे, कुठली घ्यावी ते. शनिवारी तेराला दोन्ही देशांची माणसं लोहगडावर येणार. तिथंच माझी परीक्षा.

नापास झालो तर सोमवारपासून सोमाटण्याला, सोपानदाजींच्या पोल्ट्रीत. ताई म्हणाली, "सहा नोकऱ्या तू सोडल्यास कैलास. कोंबड्या काय तुला सोडायच्या नाहीत."

४ डिसेंबर

वडगावला वही आणायला गेलो. कोर्टाबाहेर एकजण दोन बोकडं घेऊन तारखेला आलेला. बोकडं साक्षीदार की मुद्देमाल, ते कळेपर्यंत थांबलो. मुद्देमाल! वही राहिली. हे लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहितोय.

६ डिसेंबर

वही मिळाली. शिकायला लोहगडवाडीत येतो, भागूमावशीच्या टपरीवर. तिथं मोबाईलला रेंज असते आणि भजीही.

पोलिश — स्वर जपून वापरतात, लय महाग असल्यासारखे. सुखाला म्हणतात श्चेंश्चे. सुख झालं की शिंक आली, कळायचं कसं? नावांना सात विभक्त्या! शाळेत विभक्तीच्या तासाला मी ओढ्यावर असायचो. ती आता पोलंडहून शोधत आली. पण तो-ती-ते आपल्यासारखंच आहे. आणि च दोन्ही आहेत, चमच्यातला आणि चिमट्यातलाही.

थाई — क्रियापद हलतच नाही. काल जा, आज जा, उद्या जा. माझ्यासाठीच केलेली भाषा! पण सूर पाच. "माय माय माय माय माय" हे सूर बदलत बदलत म्हटलं की अर्थ होतो — नवं लाकूड जळत नाही ना? अर्धा तास घोकलं. मावशी झारा घेऊन पळत बाहेर. "आरं काय झालं? कुणाची आय गेली?"

शिवाय "काय" म्हणजे कोंबडी आणि "खाय" म्हणजे अंडं. कुठं पळावं माणसानं!

७ डिसेंबर

पोलिशमध्ये हो ला म्हणतात ताक. थाईमध्ये हो ला म्हणतात चाय. मावशीच्या पाटीवर हेच दोन लिहिलंय, खाली भजी. उगाच नसणार.

९ डिसेंबर

पोरांसाठीचं पान, कच्चं —

"मित्रांनो, ज्याला दात घासता घासता बोलता येतं त्यानं पोलिश घ्यावी. ज्याला गाता येतं त्यानं थाई. क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांत थाई फरक करते. त्याची भीती नको, आपल्याला तो बाराखडीच्या आधीपासून येतो. थाई लिहिताना शब्दांत जागा सोडत नाहीत, सगळे दाटीवाटीनं बसतात. पोलिशमध्ये जागा सोडतात, पण आत शिरायला वाट नाही. सावधान — पोलंडचा माणूस बोलता बोलता 'नो' म्हणाला तर तेही हो च."

मग कुठली घ्यावी? ते लिहायचं राहिलंय. उद्या.

१० डिसेंबर

उद्या.

१३ डिसेंबर, शनिवार

चार पोलिश आज्या. थाई कुटुंब, पाच माणसं. सर हाताची घडी घालून उभे.

मावशीनं एका आजीला विचारलं, "ताक?" आजी म्हणाली, "ताक." दिलं. "आनी ताक?" "ताक, ताक!" दोन दिले. आजीला कुणी नाही म्हणायला शिकवलेलंच नाही. पाच ग्लास! मी मधे पडायचं कसं? ती हो म्हणत होती, आणि मावशीही तेच विचारत होती.

थाई बाईंना मी विचारलं, बरं आहे ना? त्या म्हणाल्या, "चाय खा!" — तिकडच्या बायका मानानं बोलताना शेवटी खा लावतात. मावशी म्हणाली, "चा पित्यात बाई, खात न्हाईत." आणि कप पुढं केला. सर हसले नाहीत.

सगळे गडावर निघाले. ताकवाल्या आजीचे गुडघे दुखत होते, ती टपरीवरच बसली, तिच्यापाशी मी थांबलो. हेलेना नाव. मावशीनं न विचारता तेल लावायला घेतलं. आजी बोटांवर काहीतरी मोजत हळूच बोलली — त्यात "मात्का". मी वही उघडली. म साठी पान सापडेना, मधे सगळी बोकडांची चित्रं.

मावशीला ऐकू आलं मडकं. "मडकं फुटलं व्हय? कुनाचं गं?" तिनं रिकाम्या खांद्यावर मडकं धरल्यासारखं केलं, सरणाभोवती फिरतात तशी फिरली आणि पाठीमागं टाकून दिलं. आजी बघत राहिली. मग मावशीचा तेलकट हात धरून रडायला लागली.

पान सापडलं. मी ओरडलो, "मावशी, मात्का म्हणजे आई!"

"ठावं हाय रं," मावशी म्हणाली. "या दिवाळीच्या सुमाराला गेली हिची. आरडू नगंस."

सर मागंच उभे होते, गडावर गेलेच नव्हते. "काय ठरवलंस कैलास? पोलिश की थाई?"

मी म्हणालो, "हो."

१५ डिसेंबर, सोमवार

सरांचा फोन नाही. सोपानदाजींचे तीन. उचलले नाहीत.

१६ डिसेंबर

सरांची गाडी लोहगडवाडीत आली. मी केस नीट केले. सर माझ्या बाजूनं पुढं गेले — "मावशी, त्या आज्या तुम्हालाच मागतायत. आठवडाभर, कार्ल्यापासून पार राजमाचीपर्यंत. पुढंही काम देतो. याल?" मावशी पदर खोचून पुढच्या सीटवर बसली. काच खाली करून टपरीची किल्ली माझ्या हातात दिली. "कुटं जाऊ नगंस. लोकं येत्यात हितं."

चार वाजले. अजून गेलो नाही.