आप्पांसाठी केलेली मेणबत्ती

२ नोव्हेंबर, कोल्हार

आज मृतांचा दिवस. आप्पा गेल्यावरचा पहिलाच, म्हणून त्यांच्या कबरीवर लावायची मेणबत्ती मी स्वतः केली. मोबाईलवर बघून, स्टीलच्या पेल्यात मेण ओतून. निवल्यावर वातीभोवती खड्डा पडला. तो पुन्हा मेण ओतून भरायचा असतो, हे मला कुठे माहीत!

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कबरस्थानात काडी लावली, तर ज्योत त्याच खड्ड्यात, वितळलेल्या मेणात बुडून विझली. तीनदा. दादाने पुण्याहून आणलेली काचेतली, वासाची मेणबत्ती मात्र वाऱ्यातही जळत राहिली.

आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझी. पोरगा एवढ्या लांबून आलाय, त्याचीच चांगली हाय."

लांबून! आप्पा अंथरुणावर होते तेव्हा पुणे याहून लांब होतं का? आठ महिने उशाशी मी होते. हे लिहू नये. लिहिलं.

दादाने फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि चहाही न घेता निघाला. पावसाने कबरीची माती मधोमध खचली आहे, ते त्याला दिसलंही नाही. उद्या दोन घमेली माती नेते. तो खड्डा भरायला मला मोबाईलवर बघावं लागणार नाही.